पछीना कुरिया

सिविक सेंटरला संध्याकाळी सहानंतर एका चहाच्या टपरीपाशी बाबांची बैठक भरते. सगळे निवृत्त. एक बंगाली दादा, एक तेलुगू गारू, केरळचे एक चेट्टन, दोन सरदारजी आणि आमचे बाबा. भिलाईत अशा बैठका जागोजागी आहेत. 1955 साली सोव्हिएत संघाशी करार झाला, 1959 च्या फेब्रुवारीत पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि भातशेतीच्या या मुलखात देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं येत गेली. नोकरी संपल्यावरही त्यातली कितीतरी परत गेली नाहीत. आपापली भाषा घरी आणि हिंदी चौकात, असा त्यांचा संसार चालू राहिला.

2022 च्या जूनमध्ये, पहिला पाऊस पडून गेलेल्या एका संध्याकाळी मी बाबांना आणायला गेले होते, तेव्हा ते बैठकीत सांगत होते, "मी घरामागे बान्या बांधणार आहे."

बान्या म्हणजे रशियन लोकांचं घाम काढायचं न्हाणीघर. फिनलंडचा सौना हा त्याचा सख्खा शेजारी. गारू म्हणाले, "मे महिन्यात अख्खं भिलाईच बान्या असतं, तेही फुकट." सगळे हसले. बाबा हसले नाहीत. चहाचा ग्लास खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "नकाशा ही काढून देईल."

बाबा 1969 साली अमरावती जिल्ह्यातून इथे आले आणि अडतीस वर्षं कोक ओव्हनवर राहिले. तिथे दगडी कोळसा हजार अंशांच्या वर भाजतात. भट्ट्यांच्या माथ्यावर चालताना बुटांखाली लाकडी तळवे बांधावे लागत, एवढं मला त्यांच्याकडून लहानपणापासून माहीत. 1983 च्या हिवाळ्यात ते चार महिने उरलकडच्या एका पोलादनगरीत प्रशिक्षणाला गेले होते. येताना एक समोवार आणला आणि बान्यात घालायची जाड नमद्याची टोपी. समोवार कपाटात बसला. टोपीचं आईनं गरम पातेलं उतरवायचं फडकं केलं.

बाबांना 2019 साली स्टेंट बसवलेला आहे. त्यामुळे घरी आल्यावर मी सरळ नाही म्हटलं. आई तर भडकलीच.

"अडतीस वर्षं भट्टीवर काढलीत. अजून भाजून घ्यायची हौस उरलीय का?"

"ती गरमी कामाची होती," बाबा म्हणाले. "कामाची गरमी आपल्याला पाहिजे तेव्हा संपत नाही, पाळी संपली की संपते. तिकडं पहिल्यांदा मी गरमीत नुसता बसलो. नको वाटलं की उठायचं, दार ढकलायचं, बाहेर बर्फात. कोणी विचारत नाही कुठं चालला."

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आणि माझी?"

माझा जन्म मे महिन्यातला. आजीनं आईला आतल्या खोलीत ठेवलं होतं. खिडक्या बंद, कान बांधलेले, बाजेखाली शेगडी, वर ओवा आणि बाळंतशोपांची धुरी. बाहेर पंचेचाळीस अंश. "सव्वा महिना," आई म्हणाली. "मला कोणी विचारलं होतं का, शेक पाहिजे का म्हणून? दार होतं की तिथंही. पण मला ढकलायचं नव्हतं." मग बाबांकडे वळून, "बांधा काय बांधायचं ते. मी उगाच तोंडाची वाफ कशाला दवडू?"

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि कारण थोडं धंद्यातलं होतं. पंधरा वर्षांपूर्वी मी एका कथेच्या अनुवादात 'सौना'साठी 'बाष्पस्नानगृह' असा शब्द घातला होता. छापून आल्यावर अभिमानही वाटला होता. आता नकाशा काढायला बसले तेव्हा कळलं की शब्द चुकीचा आहे. सौनाच्या खोलीत मुळात वाफ नसते, कोरडी गरमी असते, ऐंशी ते शंभर अंशांची. तापलेल्या दगडांवर पाणी टाकलं की तेवढ्यापुरती वाफ उठते, आणि फिनिश भाषेत त्या उठणाऱ्या वाफेला वेगळा शब्द आहे. त्याचा उच्चार साधारण 'लोउल्यू', पण त्यातले स्वर देवनागरीत नीट मावत नाहीत. या शब्दाचा जुना अर्थ श्वास, प्राण. हंगेरियन भाषेतला 'आत्मा' त्याच मुळाचा. इकडे आपण बोलण्यालाच तोंडाची वाफ म्हणतो. आईला फिनिश येत नाही, पण ती त्या शब्दापासून फार लांबही नव्हती.

मग मी चरकसंहिता उघडली. सूत्रस्थानाचा चौदावा अध्याय घामावर आहे. त्यात स्वेदाचे तेरा प्रकार दिलेत, आणि त्यातला जेन्ताक वाचून मी पेन्सिल खाली ठेवली. पाण्याजवळ बांधलेलं गोल घर, मातीनं लिंपलेलं, पुष्कळ खिडक्यांचं. भिंतीलगत बसायचा ओटा. मध्ये माणसाच्या उंचीची, बारीक छिद्रांची भट्टी. तिच्यात खैराची किंवा अश्वकर्णाची लाकडं जाळायची आणि धूर निघून गेल्यावर माणसाला आत सोडायचं. अश्वकर्ण हा सालाचाच एक प्रकार मानतात, आणि साल तर छत्तीसगढचा राज्यवृक्ष. पाली विनयपिटकातही जीवक वैद्याच्या सल्ल्यावरून बुद्धानं भिक्षूंना असंच एक घर वापरायची परवानगी दिल्याचं सांगितलंय. तिथे त्याचं नाव जन्ताघर. आमच्याकडे सगळं आधीच होतं, असं म्हणण्यासाठी मी हे सांगत नाही. थंडीत, ओलीत, दुखण्यात माणसं ठिकठिकाणी अशी खोली बांधत आली, एवढंच.

पण चरकाची एक सूचना मनातून जाईना. वैद्य रोग्याला बजावतो की चक्कर आली तरी ओटा सोडू नकोस. सोडलास तर दार सापडणार नाही आणि जीव जाईल. मी हे आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे शेगडीच की."

सकाळी मी कागदावर सगळ्यात आधी दार काढलं. बाहेर उघडणारं, कडी नाही, कुलूप नाही, नुसत्या लाकडी खिट्टीवर टेकणारं. मग बाबांना हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी वाट्याघाटी केल्यासारख्या अटी घातल्या: पासष्ट अंशांच्या वर नाही, दहा मिनिटांच्या वर नाही, एकट्यानं कधीच नाही, आधी पाणी प्यायचं आणि बाहेर आल्यावर लगेच गार पाणी घ्यायचं नाही. या शेवटच्या अटीवर चरकही डॉक्टरांच्याच बाजूनं आहे. बाबांनी सगळं कबूल केलं. फक्त पावसाबद्दल त्यांनी काही विचारलं नाही, आणि मीही नाही.

दिवाळीनंतर काम सुरू झालं. सहा बाय सात फुटांची खोली, उंची फक्त सात फूट, कारण गरमी वर जाते आणि उंच खोलीत ती बसणाऱ्याच्या डोक्यावरच राहते. बैठकीनं सल्ले दिले. दादा म्हणाले, आतून प्लायवूड लावा, स्वस्त पडेल. पण प्लायवूडचा डिंक तापला की त्याचा वास छातीत जातो. साल मजबूत, पण इतका घट्ट की तापल्यावर कातडीला चटका देतो. शेवटी खम्हार घेतला, म्हणजे आपली शिवण. हलकी, ओलीत फारशी न वाकणारी. फळ्यांच्या मागे हवेला थोडी फट, मग अॅल्युमिनियमचा कागद, मग खनिज लोकर. अशी लोकर झोतभट्टीच्या मळीपासूनही बनते, हे कळल्यावर बाबा भलतेच खूश झाले. शेगडी औद्योगिक वसाहतीतल्या एका फॅब्रिकेटरनं जाड पत्र्याची करून दिली.

दगडांवरून मात्र वाद झाला. बाबांना दल्ली-राजहराचं लोहखनिज हवं होतं, आठवण म्हणून. चेट्टन खाणीत होते. ते म्हणाले, सगळेच दगड आच आणि पाणी सोसत नाहीत. चुनखडी भुगा होते, नदीतल्या गोट्यांत पाणी अडकलेलं असतं, ते तडकून उडतात. काळा, जड, अखंड दगड घ्या. काळा दगड म्हटल्यावर बाबांना गाव आठवलं. आमचं तिकडचं घर केव्हाच पडलं, पण बसाल्टचं जोतं शाबूत होतं. भाऊ नागपूरहून गेला आणि जोत्याचे दोन-तीन दगड फोडून गाडीत घालून घेऊन आला. मुठीएवढे तुकडे आम्ही अंगणात लाल होईपर्यंत तापवले आणि बादलीत टाकले. बरेचसे फुटले. उरले ते शेगडीवर चढले. ज्या घरावरून बाबांचं भावांशी वीस वर्षं बोलणं नव्हतं, त्याचं एवढंच आमच्या वाट्याला आलं, आणि ते पुरेसं झालं.

गवंडीकाम करणारा मिस्त्री छत्तीसगढी. खोली कशासाठी हे त्याला मी तीनदा समजावलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "समझ गेंव दीदी, पछीना कुरिया." पछीना म्हणजे घाम, कुरिया म्हणजे झोपडी, लहानशी खोली. चरकाच्या तेरा प्रकारांतही एक कुटीस्वेद आहे. पंधरा वर्षं मला न सापडलेला शब्द त्यानं थापी धुता धुता दिला.

चूक झाली ती माझ्या नकाशात. धुराडं छपरातून बाहेर पडतं तिथली पत्र्याची कॉलर मी वरच्या पत्र्याखाली सरकवायला हवी होती. मी ती त्याच्यावर चिकटवायला सांगितली आणि सीलंटवर भिस्त ठेवली. मिस्त्री म्हणाला होता, "पानी ल रद्दा देव दीदी, नइ त वो खुदे खोज लेही." पाण्याला वाट द्या, नाहीतर ते स्वतःच शोधेल. मी ऐकलं नाही. 2023 च्या जुलैत तीन दिवसांची झड लागली आणि पाण्यानं वाट शोधली. लोकर भिजून सादळली, दोन फळ्यांना बुरशी धरली, खोलीला ओल्या पोत्यासारखा वास येऊ लागला. फळ्या उचकटाव्या लागल्या. बाबा स्टुलावर बसून बघत होते. मला वाटलं आता म्हणतील, राहू दे. ते म्हणाले, "भट्टी नवी असते तेव्हा गळतेच."

पावसाच्या मुलखातली दुसरी अडचण मी कुठल्याच नकाशात पाहिली नव्हती. फिनलंडमध्ये बाहेरची थंड हवा आत येऊन तापली की अगदी कोरडी होते आणि खोली आपोआप वाळते. भिलाईत श्रावणात बाहेरची हवाच ओलीचिंब. दार उघडं ठेवलं तर ओल आत येते, बंद ठेवलं तर आतली आतच राहते. उपाय एकच. शेवटचा माणूस बाहेर आला की शेगडीत आणखी दोन लाकडं घालायची, खालची-वरची झडप उघडायची आणि खोलीला एकटीला तासभर तापू द्यायचं.

तो एकटा तास आईनं हेरला. ऑगस्टमध्ये एका दुपारी मी मागे गेले तर कुरियाच्या दोन्ही बाकांवर पलंगपोस, बाबांचे बनियन, माझे कुर्ते पसरलेले. चार दिवस न वाळलेले कपडे अर्ध्या तासात कडक. शेजारच्या दोघीजणीही बादल्या घेऊन आल्या होत्या. बाबा म्हणाले, "याच्यासाठी बांधलं का मी?" आई म्हणाली, "तुमचे दहा मिनिटं तुम्ही घ्या. उरलेला शेक वाया कशाला?"

बाबा आठवड्यातून दोनदा बसतात. मी दाराबाहेर वळचणीखाली खुर्ची टाकून घड्याळ बघते. पाचव्या मिनिटाला दगडांवर पाणी पडल्याचा आवाज येतो, आठव्याला ते खोकतात, दहाव्याला दार उघडतं. ते लाल चेहऱ्यानं बाहेर येतात, डोक्यावर ती नमद्याची टोपी, तिला अजून फोडणीचा वास. कोमट पाण्याचा तांब्या अंगावर घेतात. मग अर्धा तास वळचणीखाली बसतात आणि पागोळ्यांखाली फक्त तळहात धरतात. अंगणात पाऊल टाकत नाहीत. मी काही बोलत नाही.

सप्टेंबर संपता संपता एका संध्याकाळी आईचे गुडघे फार दुखत होते. कपडे काढून झाले होते, शेगडी अजून गरम होती. "जरा बसून बघते," ती म्हणाली. आणि आत जाताना, "दार ओढू नको. अर्धं असू दे."

मी ते अर्धं उघडं ठेवलं. गरमी बाहेर निघून जात होती, पण जाऊ दिली. काही मिनिटांनी आतून हात आला आणि तिनंच दार ओढून घेतलं.

बाबा माझ्या शेजारी येऊन बसले. दोघांनी घड्याळ पाहिलं नाही. ती बाहेर आली तेव्हा कपाळावरचं कुंकू नाकापर्यंत ओघळलं होतं. बाबा उभे राहिले आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या उच्चारात म्हणाले, "स ल्योख्किम पारम."

बान्यातून आलेल्या माणसाला रशियन लोक असं म्हणतात. शब्दशः पाहिलं तर 'हलक्या वाफेसह', म्हणजे काहीच नाही. असं सदिच्छेचं वाक्य मराठीत सापडत नाही.

"काय म्हणतायत हे?" आईनं मला विचारलं.

"आंघोळ झाली का, विचारतायत."

"झाली की," आई म्हणाली, आणि पाटावर बसून तिनं पाय पावसात सोडले.