चर्चची वही

34 वर्षे बँकेत दुसऱ्यांच्या पैशाचे हिशेब लिहिले. कारकुनाचा शाखाधिकारी झालो, निवृत्त होऊन गावी आलो, तर मंडळीने चर्चची वही हाती दिली. आमच्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, अमेरिकन मराठी मिशनचे काम 1831 पासूनचे. पण गावची वही कुणी नीट लिहिली असेल तर शपथ!

पहिली पंचाईत हंगामाच्या सणाला झाली. लोक बाजरी, अंडी, कोंबडे, भोपळे वेदीपुढे आणून ठेवतात, मग लिलाव. घेणारा भोपळा परत दान करतो, पुन्हा बोली लागते. एकच भोपळा तीनदा विकला गेला! बँकेत असे कुठे शिकवतात? मी तीन पावत्या फाडल्या. दानपेटी दोघांनी मोजायची, दोघांनी सही करायची, 31 मार्चला वही बंद, मग लेखापरीक्षण. ट्रस्ट नोंदलेला, म्हणजे धर्मादाय आयुक्तांनाही जाब द्यायचा.

2018 च्या दुष्काळानंतर, पेरणीच्या तोंडावर, थोरले पंच, नात्याने माझे मामा, म्हणाले, "पत्र्याच्या निधीतून बियाण्यापुरते दे रे. सुगीला परत टाकतो."

त्यांची दानत मला ठाऊक. पण ते पैसे लोकांनी पत्र्यांसाठी दिलेले. त्यात खुरपणीला जाणाऱ्या बायांच्या मजुरीचेही होते. मी नाही म्हटले. दुसऱ्या दिवशी सातबारा घेऊन त्यांच्याबरोबर सोसायटीत पीककर्जाला गेलो. कर्ज मिळाले. मामी मात्र वर्षभर आमच्या उंबऱ्यात आल्या नाहीत.

पत्रे बसले. पुढल्या सणाला मामांनी बाजरीचे पोते आणले आणि खाली ठेवायच्या आधीच पावती मागितली.