प्रवरेच्या कांठानें

सह्याद्रीच्या माथ्यावर रतनगड नांवाचा जुना किल्ला आहे. त्याच्या परिसरांत प्रवरा नदी उगम पावते आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतून पूर्वेकडे वाहत जाऊन, सुमारें २०० किलोमीटरांच्या प्रवासानंतर, प्रवरासंगम येथें गोदावरीस मिळते. लोकांनीं तिला अमृतवाहिनी असें सार्थ नांव दिलें आहे. पावसाळ्यांत भंडारदऱ्यास सहकुटुंब जाणारी मंडळी पुष्कळ. परंतु बहुतेक धबधबे पाहून परततात. ज्यांस दोन दिवसांची सवड असेल त्यांनीं मागें न फिरतां नदीबरोबर खालीं उतरावें. सरकारी पैसा एखाद्या प्रदेशांत कसा फळतो आणि कोठें अडून राहतो, हें या वाटेवर स्पष्ट दिसतें.

घोटीहून निघालें कीं महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर जें कळसूबाई, तें डाव्या-उजव्या वळणांतून दर्शन देऊं लागतें. पुढें शेंडी गांवाजवळ भंडारदऱ्याचें धरण. जलाशयाच्या दुसऱ्या टोकास रतनवाडी येथें अमृतेश्वराचें प्राचीन देवालय आहे. त्याचें कोरीव काम पाहण्यास घटकाभर तरी थांबावें. घाटमाथ्यावर पाऊस असा कोसळतो कीं समोरचा माणूस दिसूं नये. आणि येथून एका दिवसाच्या आंत पोहोंचतां येईल अशा संगमनेराकडे धड वीस इंचही पडत नाहीं. ही विषमता हेंच या धरणाचें कारण.

१८७६ पासूनच्या पंचवीस वर्षांत दख्खनवर तीन भयंकर दुष्काळ आले. त्यानंतर नेमलेल्या पाटबंधारे कमिशननें, नफा न झाला तरी माणसें वांचतील अशीं कामें दख्खनमध्यें हातीं घ्यावीं, असें सुचविलें. भंडारदऱ्याचें काम १९१० मध्यें सुरू झालें व १९२६ मध्यें पुरें झालें. उंची सुमारें २७० फूट, सांठा सुमारें ११ अब्ज घनफूट. गव्हर्नर सर लेस्ली विल्सन ह्यांचें नांव त्यास दिलें गेलें. एवढें पाणी ज्यांच्या डोळ्यांसमोर सांठतें त्या महादेव कोळी व ठाकर वाड्यांत मात्र होळी उलटली कीं बायकांस हंड्यासाठीं पायपीट करावी लागे, आणि कित्येक वाड्यांत ती अद्यापि चुकलेली नाहीं.

खालीं रंध्याचा धबधबा ओलांडल्यावर निळवंड्याचें धरण लागतें. ह्याची कल्पना १९७० मधली. डाव्या कालव्याचें जाळें लोकार्पण झालें तें २६ ऑक्टोबर १९२३ ला नव्हे, तर त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, २६ ऑक्टोबर २०२३ रोजीं! धरणाची भिंत उभी राहिली, पाणी अडलें, तरी कालव्यांवांचून कोरडवाहू गांवें वर्षानुवर्षें आभाळाकडेच पाहत राहिलीं. विहीर खणून दोर न घेण्यासारखेंच हें. एका कामावर लागलेला पैसा जोडकामावांचून निजून राहतो. आणि व्याज भरतात तें त्या गांवांतील दोन पिढ्यांचे लोक.

संगमनेर मागें टाकलें कीं ओझरचा बंधारा येतो. येथून भंडारदऱ्याचे डावा व उजवा असे दोन कालवे फुटतात आणि देखावाच पालटतो. ऊंस, केळी, डाळिंबाच्या बागा, पाटाकांठची दाट सावली. परंतु पाणी आलें आणि शेतकरी सुखी झाला, असें घडलें नाहीं. हरेगांवीं बेलापूर कंपनीचा साखर कारखाना निघाला. लोहमार्ग आधींपासूनच असल्यानें श्रीरामपूरची पेठ वाढली. लहान शेतकरी मात्र ऊंस लावून गूळ करी आणि गुळाचा भाव कोसळला कीं सावकाराच्या दारीं उभा राही. पाणी होतें, भांडवल, ज्ञान व संघटना नव्हती.

ही उणीव लोणी येथें भरून निघाली. विठ्ठलराव विखे पाटील ह्यांनीं गांवोगांव फिरून शेतकऱ्यांकडून भाग गोळा केले. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष झाले. मुंबई सरकारनें भागभांडवल घातलें, औद्योगिक वित्त महामंडळानें कर्ज दिलें. १९४८ मध्यें नोंदलेला हा सहकारी कारखाना १९५०-५१ च्या हंगामांत चालूं झाला. मग त्याच्याभोंवतीं रस्ते, शाळा, दवाखाना हीं एकामागून एक आलीं. शेतकऱ्याचा पैसा, सरकारचा पैसा आणि विद्वानाचा सल्ला एका कामीं लागले, तेव्हां चोवीस वर्षांपूर्वींच्या धरणाचें खरें चीज झालें.

तथापि चित्राची दुसरी बाजूही पाहावी. काळ्या जमिनींत पाणी मनसोक्त सोडलें, निचऱ्याचे चर खणण्याकडे लक्ष पुरलें नाहीं. परिणामीं पाटाखालची कांहीं सुपीक जमीन चोपण व खारवट झाली आहे. पाणी देणारें खातें एक, जमिनीची चिंता वाहणारें दुसरें, पिकास कर्ज देणारी पेढी तिसरी. एकत्र कुटुंबांत चार भाऊ कमावते असले आणि प्रत्येकानें दुसऱ्यास न विचारतां खर्च केला, तर घरांत दोन पाळणे येतात व छप्पर तसेंच गळत राहतें. खोऱ्याचा संसारही ह्याहून निराळा नाहीं.

शेवटीं नेवासें. ज्ञानेश्वरी जेथें सांगितली गेली तो पैस खांब येथेंच. पुढें प्रवरासंगमाशीं पैठणच्या नाथसागराचा फुगवटा दिसतो आणि मराठवाड्याच्या तहानेची आठवण होते. २००५ च्या कायद्यान्वयें टंचाईच्या वर्षीं वरच्या धरणांतून खालीं पाणी सोडावें लागतें, आणि त्या वर्षीं कालव्यावरचे व संगमाखालचे शेतकरी एकमेकांविरुद्ध न्यायालयांत उभे राहतात. दोघांचीही निकड खरी आहे. म्हणून पुढचा रुपया खर्चण्यापूर्वीं घाटमाथ्याची वाडी, मधला मळा आणि खालचें पैठण ह्या तिघांचा हिशेब एकाच वहींत लिहिला गेला पाहिजे. वाडीला टांकी व झरे, मळ्याला ठिबक व निचरा, पैठणला ठरलेला वांटा, हीं कामें एकमेकांच्या हातांत हात घालून झालीं, तरच अमृतवाहिनी हें नांव सर्वांच्याच घरीं खरें ठरेल.