तेरच्या पांढरीत चार रविवार

फाल्गुन लागला की आमच्या धाराशिव जिल्ह्यात पळस फुलतो आणि विहारात जयंतीच्या वर्गणीची वही निघते. मग मंडप कुणाचा, बँड की डी.जे., मिरवणूक कोणत्या रस्त्यानं, यातच चार-पाच रविवार जातात. यंदा आम्ही मंडळाला सांगितलं, वही तुम्ही सांभाळा, आम्ही वस्तीतली पोरं घेऊन जिल्हा पाहून येतो. हिशेब केला. एस.टी.त बायका-मुलींना २०२३ पासून अर्धं तिकीट, लहान पोरांना पहिल्यापासूनच अर्धं, डबा ज्याचा त्याच्या घरचा. कारकुनाच्या डोक्यात हिशेब बसला की काम निम्मं झालं. एकोणीस पोरं तयार झाली.

विसावी आठवीतली एक मुलगी. आईबाप ऊसतोडीला गेलेले, पट्टा पडल्यावर नुकतेच परतलेले. आईनं आम्हाला दारातच अडवलं. "भाऊ, रविवारी ज्वारी काढायला जायचंय. दोन हात जास्तीचे लागत्यात. खापरं बघून कुणाचं प्वाट भरलंय?"

आम्ही काय उत्तर देणार? वीस वर्षं सभांतून 'शिका' म्हणून सांगत आलो, पण एका रविवारची मजुरी कोण भरून देणार, हे कधी सांगितलं नव्हतं. निमूट परत आलो. सकाळी बसस्थानकावर बघतो तर तिचा बाप फडक्यात भाकरी बांधून तिला घेऊन उभा. "सांजच्याला घरी आणून सोडा" एवढंच बोलला.

पहिला रविवार तेरचा. तेर म्हटलं की लोकांना गोरोबाकाका आठवतात, ते बरोबरच आहे. पण त्यांच्याआधी हजार-बाराशे वर्षं हे तगर नावाचं मोठं शहर होतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक पुस्तकात ते आलंय. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, तिथून नाना तऱ्हेचं कापड गाड्यांत भरून, नीट रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदराला जातं, असं त्यात लिहिलंय. ते तगर म्हणजे आपलं तेर, हे फ्लीट या संशोधकानं १९०१ साली दाखवून दिलं.

गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर या पांढरीतून वस्तू वेचल्या. पाऊस पडून गेला की टेकाडं धुपून वर आलेलं गोळा करायचं. त्यातूनच आजचं शासकीय वस्तुसंग्रहालय उभं राहिलं. मातीच्या बाहुल्या, शंखाच्या बांगड्या, मणी, सातवाहनांची नाणी. हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती आहे, तिच्यापुढं आम्ही पोरांना दहा मिनिटं उभं केलं. तशाच घडणीची मूर्ती इटलीत पाँपेईला १९३८ साली सापडली. पाँपेई इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं, म्हणजे ती त्याच्याआधीच इकडून तिकडं गेलेली. एक पोरगं म्हणालं, "आपल्याला मुंबईला जायला पैसं न्हाईत आन् ही बाई इटलीला जाऊन आली."

इथवर सगळं छान होतं. पुढं चूक आमच्या हातून झाली.

तेरचं त्रिविक्रम मंदिर विटांचं, फार जुनं. त्याची मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोल, वर कमानदार छप्पर. लेण्यांतली चैत्यगृहं ज्यांनी पाहिली त्यांना ओळख पटल्याशिवाय राहत नाही. कझिन्स या इंग्रज अभ्यासकानं गेल्या शतकाच्या सुरुवातीला ते पाहिलं आणि हे मूळचं बौद्ध चैत्य असावं असं मांडलं. आज आत त्रिविक्रमाची मूर्ती आहे, पूजा चालू आहे. आम्हाला उमाळा आला. अंगणात उभं राहून आम्ही मोठ्यानं म्हणालो, "पोरांनो, हे आपलं होतं. आपल्याकडून काढून घेतलं." झालं! दोघा-तिघा पोरांनी तिथंच घोषणा सुरू केल्या. दर्शनाला आलेले एक म्हातारबाबा हातातला तांब्या खाली ठेवून म्हणाले, "पोरांनो, चार पिढ्या आम्ही हितं दिवा लावतो. आम्ही कुणाचं काय काढून घेतलं?"

सगळे गप्प. तेवढ्यात ती ऊसतोडवाल्यांची मुलगी हळूच म्हणाली, "काका, तुमच्यापाशी पुरावा काय हाय?"

आम्ही बी.कॉम. व्हाउचर असल्याशिवाय रुपया खर्ची टाकत नाही आणि इतिहास मात्र तोंडी खर्ची टाकून मोकळे झालो! म्हातारबाबांची माफी मागितली. मग झाडाखाली बसून पोरांना दोन्ही बाजू सांगितल्या. बरेच अभ्यासक याला बौद्ध चैत्य मानतात, काही मानत नाहीत, गोल पाठीची देवळं त्या काळी इतरांचीही असत असं त्यांचं म्हणणं. पण तेरच्या उत्खननात विटांच्या स्तूपाचे अवशेष निघाले, त्यावर वाद नाही. जे भक्कम आहे ते छातीठोक सांगावं, जे तर्कानं आहे ते तर्क म्हणून सांगावं. १९४८ साली 'द अनटचेबल्स' लिहिताना बाबासाहेबांनी प्रस्तावनेतच आपल्याला तर्काचा आधार कुठं घ्यावा लागला आणि का, हे मोकळेपणी सांगितलंय. आम्ही ते पुस्तक वाचलेलं, पण त्या अंगणात विसरलो.

दुसऱ्या रविवारी धाराशिवची लेणी झाली. सात लेणी आणि असंख्य वटवाघळं. पोरांना वटवाघळं जास्त आवडली.

तिसऱ्या रविवारी कसबे तडवळ्याला जायचं होतं. पूर्वी बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी या गावावरून लातूरला जायची. इथं २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी बाबासाहेबांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद भरली. त्यांचा मुक्काम शाळेत होता, असं गावकरी सांगतात. वतन म्हणजे काय, हे आजच्या पोरांना माहीत नाही, आणि ते बरंच झालं. रात्री-अपरात्री गावाची कामं, निरोप, ओझी, मेलेली ढोरं, आणि बदल्यात तुटपुंजी जमीन, दारोदार बलुतं. ही बेडी तोडायचं बिल बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात १९२८ सालीच आणलं होतं. कायद्यानं ही वतनं गेली ती १९५८ नंतर. आम्ही पोरांना एक गोष्ट मुद्दाम दाखवली. परिषदेच्या नावात दोन जाती शेजारी शेजारी आहेत. आज आपल्या मिरवणुकीत शेजारच्या मातंग वस्तीतली किती घरं येतात, हे वाचकांनी आपापल्या गावी मोजून पाहावं.

या वेळी त्या मुलीची आईही आली. तिचं माहेर त्याच बाजूचं. संध्याकाळी पोरांनी खो-खो मांडला. खो-खोत आमचा जिल्हा मागं नाही. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार सारिका काळे धाराशिवचीच, तिला २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला. पण त्या माउलीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती नुसती बघत होती. पोरगी खांबाजवळ गेली, वळल्यासारखं केलं आणि झुकांडी देऊन अशी निसटली की पाठलाग करणारा पोरगा तोंडावर आपटला. आईनं पदर तोंडाला लावला. "ही एवढी पळती व्हय? फडात तर मोळी डोक्यावर असती, कधी दिसलंच न्हाई."

पुढच्या हंगामात मुलीला आजीपाशी ठेवायचं का, यावर त्यांच्या घरात अजून वाद चालू आहे. आजीला दिसत कमी. शासनाची हंगामी वसतिगृहाची योजना आहे, त्याचे कागद आम्ही जमवतोय.

चौथा रविवार विहाराच्या भिंतीचा. दरवर्षी पेंटर येतो, बाबासाहेब, तथागत आणि देणगीदारांची नावं रंगवून जातो. यंदा पोरं म्हणाली, एक भिंत आम्हाला द्या, तगरच्या कापडाच्या गाड्या काढायच्यात. मंडळात कुरबुर झाली. जयंतीच्या भिंतीवर बैलगाड्या कशाला, लोक हसतील. वाद तासभर चालला. शेवटी ओसरीवर बसलेल्या एका आजीनं विषय संपवला. "माझा बाप सांगायचा, तडवळ्यात बाबासाहेबांना बैलगाडीतूनच मिरवलं व्हतं. काढू द्या की गाड्या."

मग निळ्या रंगाचा डबा फुटला. चाक काढायची वेळ आली तेव्हा आरे किती, यावर अडलं. एक पोरगा म्हणाला चोवीस, अशोकचक्रासारखे. ती मुलगी ब्रश धुता धुता म्हणाली, "चक्राला चोवीस. गाडीच्या चाकाला बारा. आजाची गाडी दारात पडलीय, मी मोजल्यात."

बारा काढले.