निरभ्र आभाळ, गार पहाट

घोडनदीच्या काठी शिरूर, भीमेच्या काठी दौंड. पावसाळा सरला की या तालुक्यांतील वडीलधारी मंडळी थंडीचा अंदाज बांधू लागतात. शेपटी हलवणारा धोबी पक्षी ओढ्याकाठी दिसला, म्हणजे हिवाळा जवळ आला असे मानतात. हे पाहुणे उत्तरेकडून येतात. ऋतू पालटल्याचे ते सांगतात, थंडी किती पडेल हे मात्र सांगत नाहीत.

त्याहून भरवशाच्या खुणा संध्याकाळच्या. आभाळ निरभ्र, वारा पडलेला आणि चुलीचा धूर वर न चढता उसाच्या फडावर आडवा पसरलेला दिसला, तर पहाटे कडाका पडणार. हे अनुमान शास्त्राला धरून आहे. ढगांचे पांघरूण नसले की जमिनीची उष्णता निघून जाते. गार हवा खालीच साचते आणि धूर तिच्यात अडकतो.

घरातील वृद्धांसाठी हा इशाराच समजावा. थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो; साचलेल्या धुराने दमेकऱ्यांचा श्वास कोंडतो. अशा संध्याकाळी कानटोपी, पायमोजे उशाशी ठेवावेत. बंद खोलीत शेगडी पेटवू नये. तिचा विषारी वायू झोपेतच जीव घेतो. पहाटेचे फिरणे ऊन वर येईपर्यंत लांबवावे, रक्तदाबाची गोळी चुकवू नये. आणि पहाटे छातीत दुखून घाम फुटला, तर वात समजून शेकत बसू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे. आभाळाने आदल्या संध्याकाळी दिलेली सूचना घरच्यांनी ओळखली, तर पुढची तयारी वेळेत होते.