आठच्या आत घरात

माझी भाची तेरा वर्षांची. घरी तिला नियम एकच : रात्री आठच्या आत घरात! त्यावरून तिची आईशी रोज धुसफूस. म्हणून २०१९ च्या जूनमध्ये आम्ही दोघी अ‍ॅमस्टरडॅमला निघालो, तेव्हा तिनं आधीच अट घातली, "मावशी, तिथं भरपूर खायचं आणि रात्री उशिरापर्यंत भटकायचं." मी म्हटलं, "कबूल!" रोजची धमाल लिहायला तिनं एक छोटी वहीही घेतली.

दोस्तांनो, हे कालव्यांचं शहर मोठं गमतीचं आहे बरं का! डच भाषेत कालव्याला 'ग्राख्त' म्हणतात. सतराव्या शतकात इथल्या लोकांनी जुन्या शहराभोवती, एकाबाहेर एक, असे मोठे कालवे खणले. जमीन दलदलीची, म्हणून घरं लाकडी खांबांवर उभी केली. घरं उंच आणि चिंचोळी, जिने तर इतके अरुंद की कपाट वर न्यायचं कसं? त्यासाठी घराच्या माथ्यावर आकडा असतो. त्याला दोर लावायचा, सामान बाहेरूनच वर ओढायचं आणि खिडकीतून आत घ्यायचं!

त्या दिवशी सकाळी आम्ही भाड्याच्या सायकलींवर कालव्याकाठी हिंडलो. मग ट्रॅममध्ये बसलो. बाजारात एक बाई खळग्यांच्या तव्यावर काहीतरी भाजत होती. भाची ओरडली, "मावशी, आप्पे!" ते होते पॉफर्त्येस. वर लोणी आणि पिठीसाखर. दोन बश्या फस्त झाल्या.

दुपारी प्रिन्सेनग्राख्तवरच्या २६३ नंबरच्या घरात गेलो. जर्मनीच्या नाझी फौजांनी १९४० मध्ये हा देश घेतला आणि ज्यू लोकांवर एकेक बंदी घातली. अ‍ॅन फ्रँक ही ज्यू मुलगी. तेरा वर्षांची झाल्यावर महिन्याभरातच, ६ जुलै १९४२ ला, ती घरच्यांबरोबर या इमारतीच्या मागच्या भागात लपली. पुढं आणखी चौघं आली. दाराच्या जागी पुस्तकांचं कपाट. दिवसा खाली कामगार, म्हणून पाऊलसुद्धा वाजवायचं नाही. अशी दोन वर्षं! ४ ऑगस्ट १९४४ ला सगळी आठ माणसं पकडली गेली. छळछावण्यांतून एकटे तिचे बाबा परत आले. अ‍ॅन १९४५ मध्ये गेली, पंधरा वर्षांची. तिची डायरी बाबांनी १९४७ मध्ये छापली.

भिंतीवर मुलींची उंची मोजलेल्या पेन्सिलीच्या खुणा अजून आहेत. आमच्याही घरी दारामागं तशाच आहेत. भाची तिथं बराच वेळ उभी राहिली.

बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "लपण्याआधी कसल्या बंद्या होत्या गं?" मी सांगितलं, "ज्यूंनी सायकली जमा करायच्या. ट्रॅममध्ये बसायचं नाही. रात्री आठ ते सकाळी सहा घराबाहेर पडायचं नाही."

तिनं वही उघडली. त्या दिवसाच्या पानावर लिहिलं होतं : सायकल, ट्रॅम, आप्पे. आणि खाली, 'आज रात्री भटकणे.' ती काहीच बोलली नाही.

जूनमध्ये इथं आठ वाजता चक्क ऊन असतं. दहानंतर कुठं काळोख पडू लागला. पुलांवरचे दिवे पाण्यात हलू लागले. नावांमधून हसण्याचे आवाज येत होते. आम्ही त्याच घरासमोर, कालव्याच्या पलीकडं थांबलो.

"मावशी, तिला आपण दिसलो असतो?"

"कधी कधी ती पुढच्या कचेरीत येऊन पडद्याच्या फटीतून बाहेर बघायची. तेव्हा दिसलो असतो."

भाचीनं त्या खिडकीकडं बघून हात हलवला. मग हळूच म्हणाली, "आई आठला हाक मारते, कारण ती दारात वाट बघत असते. तो नियम वेगळा. अ‍ॅनचा वेगळा."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. पुलापर्यंत आम्ही गप्प चाललो. मग तीच म्हणाली, "तरीपण मावशी, आईला सांग ना, आठचे साडेआठ कर म्हणावं!"