लाल टिकलीची कसोटी

मावशीला मी काय काम करते हे सांगायचं म्हणजे संकटच. गेल्या दिवाळीत फराळाच्या ताटावर तिनं पुन्हा विचारलं, तेव्हा मी एका दमात सांगून टाकलं, "स्टिरॉइडमधून जंतू मारणारी औषधं शोधते." हातातली चकली ताटात ठेवून ती म्हणाली, "अगं बाई! आमचे डॉक्टर सांगतात, त्या वाटेला जायचंच नाही."

तिची भीती खोटी नाही. २०२१च्या उन्हाळ्यात काळ्या बुरशीनं आपल्याकडे घातलेला धुमाकूळ आठवा. कोविडच्या गंभीर रुग्णांना डेक्सामेथासोननं वाचवलं हे खरं. पण बेताबाहेर गेलेली रक्तातली साखर आणि गरजेपेक्षा जास्त दिवस चालू राहिलेलं स्टिरॉइड या जोडीनं म्युकरला दार सताड उघडं करून दिलं. मग ॲम्फोटेरिसिनच्या कुप्यांसाठी नातेवाईक या शहरातून त्या शहरात वणवण फिरले. गंमत अशी की हे ॲम्फोटेरिसिन बुरशीला मारतं तेही एका स्टिरॉइडला धरूनच. आपल्या पेशींच्या आवरणात कोलेस्टेरॉल असतं, बुरशीच्या आवरणात त्याचा चुलतभाऊ अर्गोस्टेरॉल. ॲम्फोटेरिसिन चुलतभावाला घट्ट पकडतं, कोलेस्टेरॉलला कमी. 'कमी' म्हणजे 'अजिबात नाही' असं नव्हे, म्हणूनच ते औषध मूत्रपिंडाला जाचतं.

स्टिरॉइड हे एका औषधाचं नाव नाही, तो एक सांगाडा आहे. सतरा कार्बन अणू, एकमेकींना चिकटलेल्या चार कड्या, तीन षट्कोनी आणि एक पंचकोनी. त्यावर इथे एक ऑक्सिजन, तिथे एक शेपटी लावली की कधी कॉर्टिसोन होतं, कधी टेस्टोस्टेरॉन, कधी पित्तातलं आम्ल. हा सांगाडा माणसाला सहजी उमगला नाही. पित्ताम्लांवरच्या कामासाठी वीलँडना १९२७चं नोबेल मिळालं, स्टेरॉलवरच्या कामासाठी विंडाउसना १९२८चं, आणि त्या वेळी दोघांनी मानलेली रचना चुकीची होती! १९३२ साली बर्नाल यांनी अर्गोस्टेरॉलच्या स्फटिकांवर क्ष-किरण टाकले, तेव्हा त्या मापात जुनी रचना बसेना, आणि त्याच वर्षी आजची रचना पुढे आली. शोधनिबंध परत आला की मी विद्यार्थ्यांना हा किस्सा ऐकवते. त्यांना त्यातून फारसा दिलासा मिळत नाही.

मावशीला पटावं म्हणून मी तिच्याच औषधाच्या डब्यातली मलमाची ट्यूब काढली. बीटामेथासोन आणि फ्युसिडिक ॲसिड. एकाच ट्यूबमध्ये चार कड्यांची दोन माणसं. एक सूज दाबणारा, शरीराच्या पहारेकऱ्यांना गप्प बसवणारा. दुसरा जंतू मारणारा, ज्याला हॉर्मोनचे काहीच गुण नाहीत. (हीच ट्यूब गजकर्णावर महिनोन्‌महिने चोळू नये. पहिला बुरशीला मोकळं रान देतो आणि दुसऱ्याचा बुरशीवर इलाज चालत नाही.)

फ्युसिडिक ॲसिड डेन्मार्कच्या लिओ कंपनीत फ्युसिडियम कॉक्सिनियम नावाच्या बुरशीतून निघालं. १९६२पासून ते वापरात आहे. बुरशी स्टेरॉल तयार करताना ज्या वाटेनं जाते, त्याच वाटेवर मध्येच एका वळणावर थांबून ती हा रेणू घडवते. त्यामुळे कोलेस्टेरॉलसारखा तो सपाट नाही, दुसऱ्या कडीत तो होडीसारखा वाकलेला आहे. जंतूच्या पेशीत प्रथिनं विणणारा माग असतो, रायबोसोम. एक टाका झाला की ईएफ-जी नावाचं प्रथिन तो माग एक घर पुढे सरकवतं आणि बाजूला होतं. फ्युसिडिक ॲसिड त्याला बाजूलाच होऊ देत नाही. माग अडकतो. स्टॅफिलोकॉकसवर हा डाव उत्तम चालतो. पण हे औषध एकटंच दिलं, तर ईएफ-जीमध्ये जरासा बदल केलेले जंतू लवकर डोकं वर काढतात.

माझ्या कामाचा रस्ता मात्र पित्तातून जातो. पित्त जंतूंना मारतं ही सूक्ष्मजीवशास्त्रातली रोजची गोष्ट. न्यूमोकॉकसच्या गढूळ द्रावात पित्तक्षार घातले की थोड्या वेळात द्राव नितळ होतो, आणि जंतू ओळखायची ती एक चाचणीच आहे. उलट मॅकॉन्कीच्या माध्यमात पित्तक्षार घालतात ते इतरांना हटवून ई. कोलायच्या जातकुळीला जागा करून द्यायला. आतड्यात राहणाऱ्यांना पित्ताची सवय असते. त्यांना बाहेरून आणखी एक कवच असतं आणि आत शिरलेलं पित्त उपसून टाकणारे पंपही. विषमज्वराचा जंतू तर काहींच्या पित्ताशयात वर्षानुवर्षे मुक्काम ठोकतो.

कोलिक आम्लाचा रेणू अळूच्या पानासारखा आहे, दोन्ही बाजूंचा स्वभाव निराळा. त्याचे तिन्ही हायड्रॉक्सिल एकाच अंगाला, म्हणजे एक बाजू पाण्याची, दुसरी तेलाची. पेशीचं आवरण फोडायला असाच रेणू लागतो. त्यावर धन विद्युतभार कसा चढवायचा, हे दाखवलं एका माशानं. मायकेल झॅस्लॉफ यांनी १९८७ साली बेडकाच्या कातडीतून जंतुनाशक पेप्टाइडं काढली होती. मग त्यांनी डॉगफिश शार्क हाती घेतला आणि १९९३ साली स्क्वालामाइन जाहीर झालं. स्टेरॉलच्या सांगाड्याच्या एका टोकाला स्पर्मिडिन हे धनभारित अमाइन, दुसऱ्या टोकाला सल्फेट. मालवणात आपण मोरीचं मटण खातो, तिचा हा थंड समुद्रातला लांबचा नातलग. जंतूचं बाहेरचं आवरण ऋणभारित असतं, आपल्या पेशींचं बाहेरून जवळजवळ तटस्थ. धनभारित स्टिरॉइड त्या फरकाकडे ओढलं जातं. अमेरिकेत यूटामध्ये पॉल सॅव्हेज यांनी कोलिक आम्लाच्या तिन्ही हायड्रॉक्सिलना अमाइनच्या शेपट्या जोडून सेराजेनिन केली. आपल्याकडे पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत वंदना पोरे यांच्या गटानं पित्ताम्लाला फ्लुकोनॅझोल जोडून पाहिलं. बुरशीचं ओळखीचं औषध पित्ताच्या खांद्यावर बसवायचं, ही कल्पना मला आजही सुरेख वाटते.

क्षयाच्या जंतूची तऱ्हा निराळीच. तो चक्क आपलं कोलेस्टेरॉल खातो. ते आत ओढून घेण्यासाठी त्याच्याकडे एमसीई-४ नावाची यंत्रणा आहे, हे २००८ साली पांडे आणि सॅसेटी यांनी दाखवलं. खाणाऱ्याच्या घशात अडकेल असा नकली घास करता येईल का, यावर बरेच जण डोकं लढवत आहेत. मी त्यात नाही.

आता खरी कटकट सांगते. जंतू मारणं सोपं आहे. फिनाइलही मारतं. काही वर्षांपूर्वी आमचं सतरा नंबरचं संयुग स्टॅफिलोकॉकसला मिलिलिटरमागे दोन मायक्रोग्रॅमला थोपवू लागलं. ते करणाऱ्या विद्यार्थ्यानं पेढे आणले. पेढे संपायच्या आत रक्ताची चाचणी झाली. ती दिसायला फार साधी. लाल पेशींमध्ये औषध घालायचं, तासभर ठेवायचं, प्लेट फिरवायची. पेशी शाबूत असतील तर तळाशी टिकलीएवढा लाल ठिपका बसतो आणि वरचं पाणी स्वच्छ राहतं. फुटल्या असतील तर टिकली गायब, सगळं कोकम सरबत. सतरा नंबरनं आठ मायक्रोग्रॅमलाच कोकम केलं. दोन आणि आठ यांच्या फटीत रोग्याला कुठे बसवणार? तेलकट बाजू जास्त तेलकट केली की जंतू चटकन मरतात आणि रक्तही फुटतं. भार वाढवला की रक्त वाचतं, पण रेणू आवरणात शिरत नाही. आणि दोन्ही जमलं तरी रक्तद्रवातलं अल्ब्युमिन औषधाला कवेत घेऊन बसतं. नुसत्या माध्यमात शूर असलेलं संयुग रक्तद्रवात मुकाट होतं. संगणकावर हजारो संयुगं चाळता येतात, त्यानं कामाचा भार कमीही होतो. पण पडद्यावर सगळीच संयुगं गुणी दिसतात.

सध्या आमच्या हातात एकेचाळीस नंबर आहे. जंतूंवर त्याचा मार सतराइतका जोरकस नाही, आठ मायक्रोग्रॅम लागतात. पण काल सकाळी प्लेट उजेडात धरली, तर चौसष्टच्या खान्यातसुद्धा टिकली जागेवर होती. एकशे अठ्ठावीसच्या खान्यात पाणी किंचित गुलाबी. मी कुणाला पेढे आणू दिले नाहीत. माझी विद्यार्थिनी आज संध्याकाळी अर्धा रक्तद्रव घालून जंतूंची प्लेट पुन्हा लावते आहे. उद्या गौरीजेवण. पहाटे येऊन ती प्लेट कोण वाचणार, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.