उठता उठता

अ‍ॅनिमेशनच्या पुस्तकांतली माणसं खुर्चीवरून उठतात. पाय मागे घेतात, धड पुढे झुकवतात, हात टेकतात आणि उभी राहतात. शिकाऊ मुलांना हा धडा हमखास गिरवावा लागतो, कारण शरीराचं वजन एका जागेवरून दुसरीकडे नेऊन दाखवायचं असतं. माझं बालपण मात्र जमिनीवरून उठणाऱ्या माणसांत गेलं. वाईच्या आमच्या घरात खुर्च्या होत्या त्या पाहुण्यांसाठी. जेवण, निवडणं-टिपणं, गप्पा, भजन, सगळं खाली मांडी घालून. उठण्याचे नमुने मला रोज फुकटात बघायला मिळत होते. पुढे त्यावरच पोट भरायचं आहे याची तेव्हा काय कल्पना!

वडील हात न टेकता एका झटक्यात उठायचे, आणि त्यात थोडी मिजासही असायची. काका पंगतीत आधी आजूबाजूला बघून घ्यायचे, सगळ्यांची पानं आटोपली ना याचा अंदाज घ्यायचे, मग उजवा हात खरकटा म्हणून तो वर धरून डाव्यावर भार द्यायचे. आजीचं उठणं सगळ्यांत सावकाश. दारात कुणी आलं की आधी फक्त तिची नजर वर जायची, मग मान. तांदळाचं सूप बाजूला सरकायचं. उजवा तळवा जमिनीवर, डावा गुडघ्यावर. इथे ती थांबायची. तिचं ठरलेलं असायचं, गुडघ्यांचं ठरायचं बाकी असायचं. मग तोंडातून ‘रामा’ आणि त्याच दमात कंबर वर. पाठ अजून वाकलेलीच. ती सरळ होईतो आलेला माणूस ओटीवर टेकलेला असे. आणि सर्वांत शेवटी, एखादं पाऊल पडून गेल्यावर, घसरलेला पदर खांद्यावर यायचा.

त्याच काळात रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली लागायचा. ती मालिका जपानची, १९८९ सालची, हे मला खूप नंतर कळलं. मालिकेच्या बजेटात दर आठवड्याला नवा भाग काढायचा म्हणजे चित्रं मोजूनमापून वापरावी लागतात. बोलताना जबडा हलतो, बाकी शरीर तसंच स्थिर. तरी बघीरा आम्हाला खरा वाटायचा. झेप घेण्याआधी तो दबा धरायचा, मोगलीकडे बघून क्षणभर थांबायचा. चित्रं कमी होती, पण थांबायचं कुठे हे काढणाऱ्याला पक्कं माहीत होतं.

मुंबईला शिकायला आले तेव्हा खालून उजेड देणारा लाइट बॉक्स, कागद जागेवर धरणारा पेग बार आणि कागदांचे गठ्ठे अजून वापरात होते. आमचे सर फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागाची परंपरा सांगणारे. १९५६ साली डिस्नेकडचे क्लेअर वीक्स तिथे शिकवायला आले, १९५७ साली ‘द बनियन डिअर’ हा बोधिसत्त्वाच्या हरणाचा चित्रपट झाला आणि राम मोहन यांच्यासारखी मंडळी त्या तालमीतून बाहेर पडली. ती शिस्त सरांच्या हातात होती. सेकंदाला चोवीस फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम टिकवलं तर बारा चित्रं. पाच कागद बोटांच्या बेचक्यांत धरून पुढे-मागे फ्लिप करायचे आणि हालचाल डोळ्यांनी तपासायची.

सरावासाठी मी आजीच निवडली. बसलेली, टेकलेली, अर्धी उठलेली, उभी, अशा मुख्य पोज काढल्या. सरांनी सगळे कागद फ्लिप केले आणि विचारलं, “मधली चित्रं कुठे खर्च करणार?” खर्च हा त्यांचाच शब्द. दोन पोजच्या मधली चित्रं सारख्या अंतरावर घातली की आकृती नुसती वर सरकते, तिला वजन उरत नाही. तळवा जमिनीवर टेकला आहे तिथे चित्रं एकमेकांना खेटून घालायची, म्हणजे आजी तिथे रेंगाळते. प्रत्यक्ष उठण्याला मोजकीच चित्रं द्यायची, म्हणजे ‘रामा’ म्हणतानाचा जोर दिसतो. पदराला पुन्हा सढळ हाताने द्यायची, कारण शरीर थांबलं तरी कापड थांबत नाही. फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या डिस्नेच्या दोघा दिग्गजांनी १९८१ सालच्या त्यांच्या ग्रंथात या गोष्टींचे बारा नियम मांडले आहेत: हालचालीआधीची तयारी, शरीरामागून येणारं कापड, सावकाश सुरुवात आणि सावकाश शेवट, वगैरे. आजीच्या एका उठण्यात त्यातले निम्मे तरी सापडतात.

त्या थोरांच्या कामातली एक गोष्ट मला कायम विचारात पाडते. १९३७ च्या ‘स्नो व्हाइट’साठी मार्जरी बेल्चर नावाच्या नर्तिकेला कॅमेऱ्यासमोर चालायला, नाचायला लावलं होतं आणि त्या फिल्मच्या आधाराने नायिकेची चित्रं काढली. हालचाल मोहक आहे, लोण्यासारखी आहे. पण लक्षात कोण राहतं? बुटक्यांच्या रांगेच्या शेवटी चालणारा डोपी. पाऊल चुकतं, मग मध्येच एक छोटी उडी मारून तो ते जुळवून घेतो. त्या उडीत तो रांगेत राहण्याची धडपड करताना दिसतो. ओघवतं असणं आणि जिवंत असणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्या उडीइतकं नेमकं मला कुणी शिकवलं नाही.

स्टुडिओत लागले तोवर कागद गेला आणि कॉम्प्युटर आला. मधली चित्रं आता मशीन काढून देऊ लागलं. दोन पोज द्या, बाकीचं ते भरतं, आणि कमालीचं गुळगुळीत भरतं. अडचण तिथेच सुरू होते. खांदा, कोपर, मनगट, मान, सगळं एकाच फ्रेमला निघतं आणि एकाच फ्रेमला पोचतं. मग ग्राफ एडिटर उघडून हालचालींच्या वक्ररेषा ओढत बसायचं: डोळे आधी, मान दोन-तीन फ्रेम मागून, खांदा त्याच्याही मागून, बोटं सर्वांत शेवटी. मान वळताना मध्ये पापणी मिटवायची, कारण नजर लांबवर फिरली की आपली पापणी बऱ्याचदा लवते. तंत्राला दोष देऊन उपयोग नाही. पिक्सारच्या १९८६ सालच्या ‘लक्सो ज्युनियर’मधले दोन टेबललॅम्प कॉम्प्युटरवरच केलेले. त्यांना डोळे नाहीत, तोंड नाही. तरी धाकटा चेंडूवर उडी मारायच्या बेतात असतो तेव्हा त्याचा विचार आपल्याला दिसतो, कारण उडीच्या आधी तो अंग आखडून घेतो.

आता माझेही गुडघे बोलू लागले आहेत. सतरंजीवरून उठायचं म्हणजे आधी भोवताली आधार शोधते, मग कुठला पाय पुढे घ्यायचा ते ठरवते, आणि मग उठते. तरुणपणी हे सगळं इतक्या झटपट व्हायचं की ठरवणं वेगळं दिसायचंच नाही. वयाने ते सुटं करून दाखवलं. त्यामुळे काम करताना मी हल्ली हालचाल सुरू होण्याआधीच्या फ्रेमकडे जास्त बघते. अभिनय तिथे असतो. बाकीचं, म्हणजे वजन, वळण, मागून येणारा पदर, हे त्या ठरवण्याचे परिणाम असतात आणि ते कारागिरीने साधतात.

मध्यंतरी एका विद्यार्थ्याने चौकीतला हवालदार बाकावरून उठवून आणला. काम निर्दोष होतं. पट्टा, पोट, टोपी, जे ते आपापल्या वेळेला हलत होतं. मी विचारलं, “हा उठला कशाला?” तो म्हणाला, “सीनमध्ये लिहिलंय, मॅडम.” म्हटलं, साहेब आले म्हणून उठत असेल तर पाठ आधी ताठ होईल आणि उठता उठता हात टोपीकडे जाईल. ड्युटी संपली म्हणून असेल तर आधी खांदे पडतील, मग तो मांड्यांवर हात दाबून उठेल. चहावाला पोऱ्या आला म्हणून असेल तर नजर किटलीवर खिळलेली आणि बाकीचा देह तिच्यामागून ओढला जाणारा. पोराने थोडा विचार केला, चहा निवडला आणि सगळ्या मुख्य पोज पुसून पहिल्यापासून सुरुवात केली.